राणीच्या मुलखातला जावई

१० जून २०१५

उजी येतेय. जावयाला घेऊन येतेय! मागच्या वर्षी बँकेनं फुकट दिलेली डायरी आज कपाटातून शोधून काढली. छापलेले वार जुळत नाहीत, पण कागद चांगला आहे, आणि एवढा आनंद कुठंतरी उतरवून ठेवायला हवा.

फोन आला तेव्हा हे घरातच होते. नेहमीसारखा टीव्हीचा आवाज बंद केला आणि ओट्यावर जाऊन बसले. दोन वर्षांपूर्वी उजीनं तिकडं कॅनडात कोर्टात लग्न लावलं आणि मग आम्हाला कळवलं. तेव्हापासून हा माणूस पोरीशी एक शब्द बोललेला नाही. तिचा फोन आला की उठून बाहेर. बरं, बाहेर जातात ते दार सताड उघडं टाकून. घरात डास शिरतात. शंभरदा सांगितलं, दार ओढून घेत जा. ऐकतील तर शपथ.

नवऱ्याचं नाव आमच्यात घेत नाहीत, पण वहीला कुठं कान आहेत. काकासाहेब. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, शहराच्या कडेला पडेगावात घर बांधलं, तरी मनानं अजून देवगाव रंगारीच्या वेशीतच उभे आहेत. माझे सासरे बद्रीनाथ निजामाच्या राज्यात चावडीवर तिरंगा लावून तुरुंगात गेले आणि पोलीस ॲक्शन झाली तेव्हाच सुटले. ही गोष्ट मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगितली गेली आणि त्यानंतर दर सतरा सप्टेंबरला. सगळा देश सत्तेचाळीसला मोकळा झाला, आपल्याला वर्षभर जास्त लढावं लागलं, याचा यांना एवढा अभिमान, की जणू स्वातंत्र्य उशिरा मिळालं म्हणून जास्त मुरलं.

यंदा आषाढ अधिक आला आहे. सतरा तारखेपासून धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा लेक-जावयाला बोलवायचं, पाटावर बसवून दोघांचे पाय धुवायचे, तेहतीस अनारसे द्यायचे आणि पुरणाचे धोंडे वाढायचे. लोकांच्या जावयांचे लाड होतात, माझ्याच जावयाचे का नकोत?

जेवताना सांगून टाकलं, पाय तुम्हीच धुवायचे बरं का. म्हणाले, बघू. यांचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’. छत्तीस वर्षांचा संसार आहे माझा, मला फसवता येत नाही.

१५ जून

यांचं काहीतरी चाललंय. एक दिवसाआड सकाळच्या बसनं देवगावला जातात. विचारलं तर म्हणतात शेतात काम आहे. शेतात जाऊन आलेल्या माणसाच्या चपलेला मातीचा कण नाही? धोतर परीटघडीचं?

आज माझी नणंद वच्छलाबाई हिचा फोन आला. ती देवगावातच दिलेली, गावात मांजर आडवं गेलं तरी तिला कळतं. ती म्हणाली, दादा आला की सांडू मास्तरच्या ओट्यावर बसलेला असतो, समोर नकाशाचं पुस्तक उघडलेलं. सांडू मास्तर म्हणजे आमच्या गावचे इंग्रजीचे मास्तर, रिटायर होऊन दहा वर्षं झाली. मी तेव्हाच ओळखलं. उजीला इंग्रजीत पत्र धाडून येऊ नको म्हणून कळवायचा बेत दिसतो. मराठीत लिहिलं असतं तर मला वाचता आलं असतं ना.

दुपारी जेवताना मध्येच विचारलं, तिकडं बर्फ पडल्यावर ढोरं काय खातात म्हणून. मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय? टोमणाच मारायचा होता, दुसरं काय.

२० जून

अनारशाचं पीठ मुरलं. पहिला घाणा तुपात हसला, सगळा चुराडा. वच्छलाबाईनं फोनवर सांगितलं, पिठात थोडं तांदळाचं पीठ मिसळ आणि तूप फार तापवू नकोस. दुसरा घाणा जाळीदार झाला. तेहतीस मोजून ठेवले, वर सहा जास्तीचे. वरचे सहा कोण खातंय ते मला माहीत आहे, दोन आत्ताच कमी झालेत.

आणि मी एक बेत केला आहे, अजून कुणालाच सांगितलेला नाही. मोबाईलवर शोधता शोधता सापडलं की एक जुलै हा कॅनडाचा राष्ट्रीय दिवस असतो, आपल्या पंधरा ऑगस्टसारखा. धोंड्याचं जेवण त्याच दिवशी करायचं! दारात तांबड्या-पांढऱ्या पताका, सकाळी दहाला हलगी, देवगावची सगळी भावकी. परक्या मुलखात आपला सण कुणी लक्षात ठेवला तर कुणाला आनंद होणार नाही? उजीलाही सांगायचं नाही. दोघांनाही एकदम चकित करायचं. शहरात गुलमंडीच्या बाजारात जाऊन कागदी पताका घेऊन आले. दुकानदार म्हणाला, कोणत्या पक्षाच्या? मी म्हटलं, जावयाच्या.

२५ जून

आले! उजी वाळली आहे, पण हसते तशीच. जावई लिओ ताडमाड उंच, दाढी मक्याच्या कणसाच्या केसांच्या रंगाची. दारात मला वाकून नमस्कार केला. मग यांच्याकडं वळला. यांनी घसा खाकरला, ओठ हलवले, पुन्हा खाकरला, चेहरा लालबुंद झाला आणि एकाएकी बॅगा उचलायला निघून गेले. माणसानं इतकं तुसडं असू नये. तो पोरगा वाकलेला तसाच राहिला.

उजीला तर डोळे भरून बघितलं असेल तर मला ठाऊक नाही. मला म्हणाले, “तिला म्हणावं हातपाय धू.” ती चार हातांवर उभी होती.

जावयाचं सांगायचं तर माणूस मोकळा आहे आणि आपल्या गावाचा त्याला केवढा तो गर्व! मला वाटायचं बढाईत देवगावकरांचा हात धरणारं कुणी नाही. हा तर त्यांच्या वरताण. न्यूफाउंडलंड नावाचं एक बेट आहे, कॅनडाच्या पार पूर्वेच्या टोकाला. तिथलं याचं खेडं. नाव तीन वेळा ऐकलं, धड सांगता येत नाही. तो बोलतो, उजी आम्हाला मराठीत सांगते. खडकावर लाल-पिवळी लाकडी घरं. उन्हाळ्यात घरासमोरून देवळाएवढे बर्फाचे डोंगर समुद्रातून तरंगत जातात आणि लोक चहा पीत बघत बसतात. त्यांचं घड्याळसुद्धा बाकी कॅनडाहून अर्धा तास वेगळं चालतं आणि ते बदलायला ते तयार नाहीत. फोनमधले फोटो त्यानं मला दाखवले, दूधवाल्याला दाखवले, भाजी विकणाऱ्या भागूबाईलाही दाखवले. भागूबाईनं विचारलं, एवढ्या बर्फात मेथी येती का? नाही म्हटल्यावर तिला त्याची फार दया आली, कोथिंबिरीची जुडी तशीच दिली.

हे पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होते. तासाभरात पान उलटल्याचा आवाज आला नाही. झोपले असतील.

२७ जून

सकाळी लिओला दौलताबादचा किल्ला दाखवायला नेलं. हे म्हणाले मीही येतो. मला वाटलं, काही विपरीत बोलणार. पण कुणाशी बोललेच नाहीत, पुढं पुढं चालत राहिले. प्रत्येक वळणावर मात्र धाप लागून थांबायचे, आम्ही पोचलो की लगेच पुढं. वय झालं आता. गंमत म्हणजे वरती पोचल्यावर माझ्याहून कमी दमलेले दिसले.

सगळं चांगलं चाललं होतं आणि संध्याकाळी माशी शिंकली. वच्छलाबाई देवगावहून आली होती. तिनं जावयाला विचारलं, तुमच्याकडचे पैसे कसे असतात. त्यानं आनंदानं पाकिटातून नोट काढून दिली. तिनं उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, “ही बाई कोण गं? लई रुबाबदार हाय.” उजी म्हणाली, राणी आहे, इंग्लंडची.

हे तोवर दारात येऊन उभे होते. नोट हातात घेतली, चष्मा लावून बघितली.

“अजून?” एवढंच म्हणाले. मग नोट ठेवून माझ्याकडं बघून बोलले, “माझ्या बापानं निजामाचं राज्य घालवलं. आन् मी राणीच्या माणसाचे पाय धुवू? ह्या घरात नाय व्हायचं.”

चप्पल घालून बाहेर गेले. लिओनं उजीला विचारलं, काय झालं? तिनं नोट उचलून त्याच्या पाकिटात परत घातली. मला त्या नोटेवरच्या बाईचा इतका राग आला, बिचारीचा काही दोष नसताना.

२९ जून

दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही. उजी माझ्याबरोबर पुरण वाटत बसली होती. डोळे पुसले की डाळीचा हात चेहऱ्याला लागायचा. मी म्हटलं, मी अजून एकदा त्यांना समजावते.

ती म्हणाली, “नको आई. पाय नाय धुतले तर नाय धुतले. मला नुसतं एकदा ‘उजे’ म्हणाले तरी पुरे. नायतर मी पुन्हा कशाला यायचं गं?”

म्हणजे या जेवणावर लेकीचं माहेर अडून बसलंय. पाट्यावर मी एवढा जोर लावला की पुरण गंधासारखं झालं.

३० जून

ठरलं ते ठरलं. हलगीवाल्यांना सांगून ठेवलंय, भावकीला निरोप गेलेत, पताका पलंगाखाली लपवल्या आहेत. पाय धुण्याचं पुढचं पुढं. पोराला त्याच्या देशाचा दिवस तरी साजरा झालेला दिसेल.

१ जुलै, सकाळचं

सगळा घोटाळा झाला. घोटाळा माझाच.

पहाटे उठून मी पताका लावल्या. नऊच्या सुमारास देवगावची माणसं आली, सांडू मास्तरही आले. दहाला हलगी सुरू झाली. लिओ खोलीतून बाहेर आला तर पांढरा इस्तरीचा शर्ट, खिशावर निळ्या फुलाची बारीकशी टाचणी, आणि चेहरा दगडासारखा. चहा नको म्हणाला, काहीच खाल्लं नाही. पताकांकडं बघितलं, हलगीकडं बघितलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला. वच्छलाबाई माझ्या कानाशी लागली, “आपलं खाणं मानवलं नसंल त्याला. चेहरा बघ.”

उजी धावत माझ्याकडं आली. म्हणाली, आई, मला विचारायचंस तरी. कॅनडाचा सण आज आहे हे खरं, पण लिओच्या बेटावर दुपारपर्यंत दुखवटा असतो. शंभर वर्षांपूर्वीचं पहिलं महायुद्ध. ते बेट तेव्हा कॅनडात नव्हतंच, वेगळं होतं. आजच्या दिवशी सकाळी फ्रान्सच्या एका माळावर बेटावरची आठशे पोरं चालून गेली. दुसऱ्या दिवशी हजेरीला सत्तरसुद्धा उभी नव्हती. खेड्याखेड्यांतली घरं रिकामी झाली. लिओच्या पणजोबांचे दोन्ही भाऊ त्यातच गेले. म्हणून दुपारी बारापर्यंत तिथं झेंडा अर्ध्यावर असतो आणि सण नंतर.

आणि मी त्याच्यापुढं हलगी लावली! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

उजी हे मला सांगत होती, पण आवाज मोठा होता. हे पाठीमागं उभे होते हे मी बघितलंच नव्हतं. ते पुढं झाले आणि हलगीवाल्यांसमोर हात वर केला.

“बंद करा,” म्हणाले. “आमच्या घरात दुपारपतोर सुतक हाय.”

मग यांनी स्वतःच्या हातानं दारावरची पताका उतरवली, घडी घातली, जावयाला खुणेनं ओट्यावरच्या चटईवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. मी चहा नेला तर हात हलवून परत पाठवला. जावयाला सुतक तर यांनाही सुतक.

१ जुलै, संध्याकाळचं

आता सगळं सविस्तर लिहिते.

दोघं चटईवर शेजारी बसले होते. मग यांनी घसा खाकरला, जावई आला त्या दिवसासारखाच. आणि सरळ समोर बघत, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “टेल मी अबाउट युवर व्हिलेज.”

भावकी थक्क झाली. यांना हे इंग्रजी कुठून आलं देव जाणे. पाटबंधारे खात्यात साहेबांचं ऐकून आलं असेल. सांडू मास्तर कोपऱ्यात बसून उगाचच मान डोलवत होते, जसं काही त्यांनीच शिकवलं.

लिओचा चेहरा उजळला. तो जो बोलायला लागला! यांना मात्र त्या एका वाक्याच्या पुढं काही येत नव्हतं, त्यामुळं उजीला मध्ये बसावं लागलं. लेकीशी न बोलण्याचा यांचा पण अजून मोडलेला नव्हता. यांनी मला म्हणायचं, “तिला म्हणावं त्याला विचार,” मी उजीकडं बघायचं, उजीनं लिओला विचारायचं, आणि उत्तर त्याच वाटेनं परत. प्रश्न पडेगावहून पडेगावात पोचायला मुंबईचा फेरा. तरी प्रश्न संपत नव्हते. मासे कुठल्या महिन्यात येतात, बर्फात ढोरं काय खातात, गेलेल्या पोरांची नावं दगडावर कोरली आहेत का. आहेत म्हटल्यावर म्हणाले, आमच्या देवगावातही दगड आहे, माझ्या बापाचं नाव आहे त्यावर. उजी हे लिओला सांगत होती तेव्हा हे तिच्याकडंच बघत होते. इंग्रजी कळत नसताना एवढं काय ऐकायचं असतं?

मग आलंच ते राणीचं. मला म्हणाले, विचार, राणी कशाला ठेवली अजून.

लिओ हसला. म्हणाला, राणी नोटेवर असते, घरात आजीचं चालायचं. आणि त्यानं ती गोष्ट सांगितली. कॅनडात जायचं की नाही, यावर त्या बेटावर अठ्ठेचाळीस साली मतदान झालं. त्याच्या आजोबांनी नको म्हणून मत दिलं, आजीनं हवं म्हणून. थोडक्या मतांनी कॅनडाची बाजू जिंकली. एकोणपन्नासच्या मार्चच्या शेवटच्या दिवशी बेट कॅनडात गेलं, तेव्हा आजोबांनी दाराला काळं फडकं बांधलं आणि त्याच दिवशी आजीनं आनंदाचा केक केला.

“एकाच घरात?” यांनी विचारलं.

“एकाच घरात,” लिओ म्हणाला. “आजोबांनी केक खाल्ला, पण पाठमोरं बसून. पुढं चाळीस वर्षं दोघं त्यावरून भांडले आणि एकाच टेबलावर जेवले.”

हे जे हसायला लागले! धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. या माणसाला इतकं हसताना मी कितीतरी दिवसांनी बघितलं. पाठमोरं बसून खाल्ला म्हणे, पाठमोरं, असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला त्यात एवढं हसण्यासारखं काय ते कळलं नाही. हट्टी माणसं सगळीकडं सारखीच.

मग बोटांवर हिशेब केला. “आमी सप्टेंबरात आलो देशात. हे पुढच्या मार्चात. मंजी आमच्याबी मागून.” भावकीकडं बघून जाहीर केलं, “देशात आमी थोरले. जावई धाकटा.” लिओला हे सांगितल्यावर त्यानं मान्य केलं, पण म्हणाला, आमच्यावर फौज पाठवावी लागली नाही, आम्ही आपल्या पायांनी चालत गेलो. त्यावर हे म्हणाले, आम्ही लढत गेलो. मग पुन्हा अर्धा तास ते दोघं आणि मधे उजी.

बारा वाजत आले. वच्छलाबाईनं शंका काढली, त्यांच्याकडं आत्ता अजून रात्रच असेल, मग सुतक कुठल्या दुपारपर्यंत धरायचं? हा प्रश्न सगळ्यांनाच पटला. लिओ उठून उभा राहिला, म्हणाला, ज्या गावात उभा आहे त्या गावची दुपार. खिशावरचं दुखवट्याचं निळं फूल काढून डबीत ठेवलं.

हे ताडकन उठले. “हलगी,” म्हणाले. “आन् पाट मांडा.”

मी रांगोळी काढली. दोघांना पाटावर बसवलं. लिओ पाय पुढं करायला तयार होईना, वडीलधाऱ्या माणसानं माझे पाय धुवायचे नाहीत, असं उजीला म्हणत राहिला. हे म्हणाले, त्याला म्हणावं आज इथली दुपार आहे, इथलं चालतं. मग त्यानं पाय परातीत ठेवले, केवढे ते पाय, परात पुरेना. हे खाली बसले, मी तांब्यानं पाणी घालत गेले. पाय धुतले, पुसले, कुंकू लावलं, तेहतीस अनारशांचं ताट आणि दिवा हातात दिला. हलगी घुमत होती. माझ्या डोळ्यांसमोर सगळं पुसट झालं होतं.

मग उजीची पाळी. हिच्याकडं न बघताच आटपणार, असं मी धरून चालले होते. यांनी तिचा उजवा पाय परातीत घेतला आणि थांबले. टाचेवरून अंगठा फिरवला. थंडीनं भेगा पडल्यात तिच्या टाचांना, मला आठ दिवसांत दिसल्या नव्हत्या.

“उजे,” हे म्हणाले, “टाचा किती फुटल्यात गं. तूप लावत नाय का?”

“नाय बाबा,” उजी म्हणाली.

“जाताना घरचं तूप घेऊन जा. दोन बरण्या. थंडी पडायच्या आधीच लावत जायचं, भेग पडल्यावर लावून उपेग नसतो.”

“व्हय बाबा.”

मागून वच्छलाबाई म्हणाली, आटपा आता, धोंडे निवायला लागले. माझ्या तांब्यातलं पाणी संपलं होतं, पण हे काही पाय सोडीनात. मी मुकाट्यानं आत गेले आणि तांब्या भरून आणला.